बॅग उलटून मारत नाही

आठ महिने बॉक्सिंग केल्यावर मला कळलं, की समोरून ठोसा आला की मी डोळे मिटतो.

हे आधी कळलं नाही, कारण तोवर मी फक्त बॅगला मारत होतो. बॅग उलटून मारत नाही. छताच्या हुकाला साखळीनं टांगलेली असते, आपण मारलं की झुलते, पुन्हा जागेवर येते. तिच्यासमोर आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले, याची नोंद कोणीच घेत नाही.

मी अठ्ठावीस वर्षांचा. ऐरोलीच्या एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. आठवड्यातले तीन दिवस वडाळा रोडवरून हार्बर पकडायची, वाशीला गाडी बदलायची. उरलेले दोन दिवस घरच्या डायनिंग टेबलावर ऑफिस. दोनेक वर्षांपूर्वी कंपनीच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला. वजन ८४ किलो, ट्रायग्लिसराइड्सच्या आकड्यापुढे वर जाणारा बाण, आणि सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’. आईनं रिपोर्ट उलटसुलट करून बघितला आणि एवढंच म्हणाली, “तुझ्या वयात तुझे पप्पा क्रेनवर चढायचे.”

ते खरंच चढायचे. पप्पांची सगळी नोकरी गोदीत गेली. २०२१च्या कायद्यानंतर पोर्ट ट्रस्टचं नाव बदलून पोर्ट ऑथॉरिटी झालं, पण आमच्याकडे अजून सगळे ‘बीपीटी’च म्हणतात. माझं लहानपण वडाळा पूर्वेच्या पोर्टच्या क्वार्टर्समध्ये गेलं. पप्पा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा आम्ही फार लांब गेलो नाही. अँटॉप हिलच्या बाजूला एक वनबीएचके घेतला. त्याचा हप्ता माझ्या पगारातून जातो.

वडाळा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रेल्वेचे रूळ या गावाचे दोन तुकडे करतात. पश्चिमेला फाइव्ह गार्डन्स, पारशी कॉलनीची जुनी झाडं, कात्रक रोडचं विठ्ठल मंदिर. पूर्वेला पोर्टच्या वसाहती, संगमनगर, ट्रक टर्मिनल, डोक्यावरून जाणारा मोनोरेलचा मार्ग आणि गेल्या काही वर्षांत उगवलेले टॉवर. टॉवरच्या तळाला काचेच्या जिम आहेत. तिथे मी एकदा चौकशी केली. वर्षाचं पॅकेज ऐकून ‘घरी विचारून सांगतो’ म्हणालो आणि बाहेर पडलो.

मग कोणीतरी या हॉलबद्दल सांगितलं. पूर्वी इथे साधी व्यायामशाळा होती. भिंतीवर मारुतीचा फोटो, कोपऱ्यात जुन्या गदा, डबल बार. आता अर्ध्या भागात वजनं आणि अर्ध्या भागात सहा पंचिंग बॅग. मधल्या मोकळ्या जागेत जमिनीवर पिवळ्या टेपनं आखलेला चौकोन. तीच रिंग. दोऱ्या नाहीत.

इथे दोन प्रकारचे लोक येतात. संध्याकाळी सात ते आठ ‘फिटनेस बॅच’: मी, एक सीए, बँकेत काम करणारे दोघं-तिघं, लग्न ठरलेला एक मुलगा, आणि बाळंतपणानंतर वजन कमी करायला येणारी एक ताई. आमची फी महिना पंधराशे. आठनंतर ‘कॉम्पिटिशनची मुलं’ येतात. वय बारा ते वीस, बहुतेक संगमनगरची नाहीतर अँटॉप हिलच्या मागच्या वस्तीतली. त्यांची फी सर कधी घेतात, कधी घेत नाहीत. आमच्या पंधराशेतून त्यांचे ग्लव्ह्ज येतात, हे मला तीन महिन्यांनी समजलं.

हे फक्त वडाळ्यात होतं असं नाही. न्यूयॉर्कच्या ग्लीसन्स जिममध्ये १९८०च्या दशकात वकील, प्राध्यापक, शेअर बाजारातली माणसं बॉक्सिंग शिकायला येऊ लागली. त्यातून तिकडे ‘व्हाइट कॉलर बॉक्सिंग’ नावाचा प्रकारच सुरू झाला. आमच्या हॉलचं अर्थशास्त्रही साधारण तेच. पोट कमी करायला आलेल्यांच्या पैशावर पोटासाठी लढणाऱ्यांची प्रॅक्टिस चालते.

पोटासाठी हे शब्दशः खरं आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि सैन्यदलं खेळाडूंची वेगळी भरती करतात. आमचे सर स्वतः त्याच वाटेनं रेल्वेत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आमच्या आजोबांचं गाव कराडजवळ. त्यांच्याकडून खाशाबा जाधवांची गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे. गोळेश्वरचे खाशाबा १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीतलं ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले १९५५ साली. आजोबा पदकापेक्षा या तीन वर्षांवर जास्त बोलायचे. “मेडल मिळालं, पण नोकरी?” असं विचारून तेच पुढे म्हणायचे, “तीन वर्सं!”

तर, पहिला महिना मी मारलंच नाही. पहिले दोन आठवडे दोरीवरच्या उड्या आणि उभं राहणं. उभं कसं राहायचं, हे अठ्ठाविसाव्या वर्षी शिकावं लागेल असं वाटलं नव्हतं. डावा पाय पुढे, उजवा मागे, मागची टाच थोडी उचललेली, गुडघे सैल, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालाजवळ. मग हाताला पट्टी बांधणं. १८० इंचांची, म्हणजे साडेचार मीटरची पट्टी मनगटावरून, बोटांमधून, गाठींवरून फिरवायची. पहिल्यांदा मला पंधरा मिनिटं लागली. सर म्हणाले, “साडी नेसतोयस का?” आता दोन्ही हातांचं मिळून तीन मिनिटांत होतं.

मग जॅब. मग क्रॉस. मग हुक. ठोसा हातातून येतो असं मला वाटायचं. तो पायातून येतो. मागचा पाय जमिनीत फिरतो, त्यामागून कंबर, मग खांदा, आणि हात शेवटी नुसता पोहोचतो. सर माझ्या मागे उभं राहून कंबर धरून फिरवायचे. दिवसभर खुर्चीत बसून माझी कंबर फिरायचं विसरली होती.

भिंतीवर टायमर. तीन मिनिटं काम, एक मिनिट आराम, मग बेल. ही विभागणी १८६७च्या क्वीन्सबेरी नियमांमधून आली आहे. ग्लव्ह्ज सक्तीचे झाले तेही त्याच नियमांत. तीन मिनिटं ऐकायला काहीच नाहीत. एवढ्या वेळात मी ऑफिसात एक मेलही पूर्ण लिहीत नाही. पण बॅगसमोर दुसरं मिनिट संपत आलं की खांदे खाली येतात, मुठी गालापासून सुटतात, आणि टायमर बंद पडलाय की काय अशी शंका येते.

इंजिनिअर असल्यामुळे मी हिशेब केला. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं, बॉक्सिंगच्या एका तासात हजार कॅलरी जातात. संशोधक वेगवेगळ्या हालचालींना लागणारी ऊर्जा ‘मेट’ या एककात मोजतात. स्वस्थ बसणं म्हणजे साधारण १ मेट. त्यांच्या कोष्टकाच्या २०११च्या आवृत्तीत रिंगमधल्या बॉक्सिंगला १२.८ मेट आहेत, स्पारिंगला ७.८, आणि नुसत्या पंचिंग बॅगला ५.५. मेट गुणिले वजन गुणिले तास, म्हणजे अंदाजे कॅलरी. एका तासाच्या बॅचमध्ये माझे बॅगवरचे राउंड सहा. सहा त्रिक अठरा मिनिटं. ५.५ गुणिले ८४ गुणिले ०.३. उत्तर १३९. जिमबाहेरच्या गाडीवर एक वडापाव खाल्ला की बॅगचा हिशेब तोट्यात.

तरी मी जात राहिलो. खरं कारण फिटनेसचं नव्हतंच. मला मारायला आवडत होतं. दिवसभर मीटिंगमध्ये ‘शुअर’, ‘नोटेड’, ‘विल डू’ म्हणायचं आणि संध्याकाळी सात वाजता कोणालाही उत्तर न देता ऐंशी पौंडांच्या बॅगवर धाडधाड हात चालवायचे. रात्री दोनला प्रॉडक्शन पडलं म्हणून उठवणाऱ्या कॉलचा, हप्त्याचा, अप्रेझलमधल्या ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’चा, सगळ्याचा राग त्या रेक्झिनवर. घामानं निथळत बाहेर पडलो की वाटायचं, प्रश्न सुटले. ते सुटलेले नसायचे. मी दमलेला असायचो, एवढंच.

मार्च-एप्रिलपर्यंत वजन पाच किलोनं उतरलं. त्यात बॅगपेक्षा रात्रीचं ऑनलाइन जेवण बंद केल्याचा वाटा मोठा असणार. पण मी ग्लव्ह्ज घातलेला फोटो स्टेटसला ठेवला. मित्रांनी आगीचे इमोजी टाकले. पप्पा मात्र हसले. “मारामारी शिकायला पैसे देतोस?”

जूनच्या सुरुवातीला, पावसामुळे बॅचला आम्ही तिघंच होतो. सर म्हणाले, “इंजिनिअर, हेडगार्ड घाल.”

समोर उभी केली कॉम्पिटिशनच्या बॅचमधली एक मुलगी. सतरा वर्षांची, पन्नास किलोची, बारावीला. भारतीय मुलींनी आता बॉक्सिंगमध्ये येणं नवीन राहिलेलं नाही. २०१२ला लंडनमध्ये महिलांचं बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि मेरी कोमनं त्याच वर्षी ब्राँझ आणलं. आपल्याकडच्या नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ला आणि पुण्याच्या देविका घोरपडेनं २०२२ला युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. हे सगळं मला माहीत होतं. तरी ती समोर आली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हिला लागू नये.

सरांनी नियम सांगितला. “ती फक्त जॅब मारणार, हलक्या हातानं. तू मारायचं नाहीस. अडवायचं, सरकायचं, बास.”

बेल वाजली. पहिला जॅब कपाळावर बसला. दुसरा नाकावर. तिसराही नाकावर. हलके होते, दुखलं फारसं नाही. पण मला एकही दिसला नव्हता. ती पायावर पाय न अडखळता सरकत होती आणि मी पिवळ्या टेपच्या चौकोनात मागे मागे जात होतो. आठ महिने शिकलेलं सगळं, पाय, कंबर, हनुवटी, पहिल्या दहा सेकंदांत गायब. मी श्वास रोखून धरला होता. दीड मिनिटात धाप लागली.

तिनं हात थांबवला आणि सरांकडे बघून म्हणाली, “सर, दादा डोळे मिटतात.”

“माहितीये,” सर म्हणाले.

मला राग आला. म्हटलं, पापणी लवणारच, ती नैसर्गिक क्रिया आहे. सर म्हणाले, “लवते आणि उघडते ती वेगळी. तू मिटून ठेवतोस. ठोसा संपेपर्यंत उघडत नाहीस. न दिसलेला ठोसाच माणसाला पाडतो, दिसलेला सोसता येतो.”

त्यानंतर महिनाभर माझ्या बॅचची शेवटची दहा मिनिटं वेगळी झाली. सर हातात लांब नळीसारखा फोम घेऊन माझ्या तोंडासमोर फिरवायचे. मी हात खाली ठेवून नुसतं बघायचं. फोम गालाला लागला तरी चालेल, डोळे उघडे पाहिजेत. अतिशय हास्यास्पद व्यायाम. लग्न ठरलेल्या मुलानं त्याचा व्हिडिओ काढला. पण पंधरा-वीस दिवसांत काहीतरी बदललं. फोम येताना आधी सरांचा खांदा हलतो, हे दिसायला लागलं. मग त्या मुलीशी उभं राहिल्यावर तिचा पुढचा पाय हलताना दिसायला लागला. दहातले तीन जॅब मी अडवू लागलो. माणसाच्या शरीराकडे बघायची सवय लागली. लोकलमध्ये समोरचा माणूस कोणत्या पायावर भार देऊन उभा आहे, हे उगाच कळायला लागलं.

जुलैत आषाढी आली. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराला ‘प्रति पंढरपूर’ म्हणतात. आषाढीला कात्रक रोडवर पाय ठेवायला जागा नसते. आम्ही दरवर्षी जातो. पहाटे निघायचं, पूल ओलांडून पश्चिमेला उतरायचं आणि रांगेत लागायचं. पप्पा पुढे, मी आणि आई मागे.

पुलावर गर्दी कमी होती. पप्पा माझ्यापुढे दहा-बारा पावलं होते. मी नेहमीच्या नव्या सवयीनं त्यांच्या चालण्याकडे बघत होतो. डावा हात पुढे-मागे हलत होता. उजवा हलत नव्हता.

कोपरात थोडा वाकलेला, अंगाला चिकटलेला, स्थिर. चालताना माणसाचे हात आपोआप हलतात. पाय आणि कंबर फिरली की खांदा फिरतो आणि हात मागून येतो, हे मी आठ महिने घाम गाळून शिकलो होतो. पप्पांचा उजवा खांदा फिरत नव्हता. कापडी पिशवी त्यांनी डाव्या हातात धरली होती. पप्पा आयुष्यभर पिशवी उजव्या हातात धरत आले आहेत.

रांगेत आम्ही दोन तास होतो. त्यांचा उजवा हात सैल सोडलेला होता, आणि अंगठा व पहिलं बोट एकमेकांवर घासल्यासारखी हलत होती, जपमाळेचे मणी ओढावेत तशी. माझं लक्ष गेलेलं बघून त्यांनी हात खिशात घातला.

दर्शन झालं. बाहेर आल्यावर आईनं दोघांच्या कपाळाला बुक्का लावला. मी काहीच बोललो नाही. घरी आल्यावर मात्र एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि आठवेल तसा मी जास्त अस्वस्थ होत गेलो.

त्याच्या आदल्या वर्षी पप्पांचा एक चेक परत आला होता. सही जुळत नाही म्हणून. त्यांची सही पूर्वी मोठी, लांब शेपटीची होती. आता अक्षरं एकमेकांना चिकटून बारीक झाली होती. मी काय केलं? म्हटलं, “पप्पा, हल्ली चेक कोण वापरतं?” आणि त्यांच्या फोनवर ॲप टाकून दिलं. मग एकदा गॅसवर दूध करपलं. अख्ख्या घरात वास, पप्पा शेजारच्याच खोलीत पेपर वाचत बसलेले. मी त्यांच्यावर ओरडलो होतो. मग जेवायला त्यांना वेळ लागायला लागला, शर्टाच्या बटणांना वेळ लागायला लागला, म्हणून आम्ही त्यांना टी-शर्ट आणले.

आमच्या धंद्यात याला वर्कअराउंड म्हणतात. बग शोधायचा नाही, त्याला वळसा घालून पुढे जायचं. चेक गेला, ॲप आलं. बटणं गेली, टी-शर्ट आले. प्रत्येक वेळी मी काम संपवून मोकळा झालो. प्रत्येक वेळी समोर काहीतरी आलं होतं आणि ते जाईपर्यंत मी डोळे मिटून घेतले होते. मराठीत डोळ्यांवर कातडं ओढणं म्हणतात. मी ते वर्षभर ओढलं होतं.

त्या रात्री मी पप्पांच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, “पप्पा, उजव्या हाताला काय होतंय?”

टीव्हीवर पंढरपूरची पूजा दाखवत होते. त्यांनी आवाज कमी केला. “दीड वर्ष झालं,” ते म्हणाले. “वयामुळे असेल म्हटलं. तुझ्या डोक्याला आधीच हप्ता आहे.”

न्यूरोलॉजिस्टनी चालायला लावलं, बोटांची उघडझाप करायला लावली, कागदावर एक वाक्य पाच वेळा लिहायला सांगितलं. पाचव्या ओळीतली अक्षरं मुंग्यांएवढी. पार्किन्सन्सचं निदान एखाद्या रक्तचाचणीनं होत नाही. मुख्यतः डॉक्टर माणसाकडे बघून करतात. बारीक होत गेलेलं अक्षर, न हलणारा हात, हरवलेला वास, यातलं प्रत्येक लक्षण त्यांच्या यादीत होतं. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. गेलेल्या पेशी परत आणणारं औषध आज नाही. लक्षणं आटोक्यात ठेवणारी औषधं आहेत. आणि व्यायाम. डॉक्टरांनी व्यायाम या शब्दावर फार जोर दिला.

“लवकर आला असतात तर काही फरक पडला असता का?” मी विचारलं. ते म्हणाले, औषधं आधी सुरू झाली असती, ते वर्ष थोडं सोपं गेलं असतं. रोग थांबला नसता. त्यांनी हे मला दिलासा म्हणून सांगितलं. पण ‘ते वर्ष’ हे दोन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. ते वर्ष पप्पांनी शर्टाच्या बटणांशी एकट्यानं झटापट करत काढलं.

आठवडाभर मी जिमला गेलो नाही. बॉक्सिंग म्हटलं की पार्किन्सन्स आणि पार्किन्सन्स म्हटलं की मुहम्मद अली. १९८४ला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याला हे निदान झालं. १९९६ला अटलांटात ऑलिंपिकची ज्योत पेटवताना त्याचा थरथरणारा हात जगानं बघितला. डोक्यावर बसलेल्या ठोशांचा त्यात किती वाटा होता, यावर डॉक्टरांत एकमत नाही. पण बॅगवर हात चालवायची मला इच्छा होईना.

रात्री शोधता शोधता दुसरी बाजू सापडली. अमेरिकेत इंडियानापोलिसला स्कॉट न्यूमन नावाचे सरकारी वकील होते. त्यांना चाळिशीतच पार्किन्सन्स झाला. एका मित्रानं त्यांना बॉक्सिंगचा व्यायाम सुरू करून दिला. त्यातून २००६ला ‘रॉक स्टेडी बॉक्सिंग’ ही संस्था उभी राहिली. तिथे पार्किन्सन्सची माणसं बॅगला मारतात, पॅडवर मारतात, पावलं टाकतात, मोठ्यानं आकडे म्हणतात. एकमेकांना कोणी मारत नाही. डोक्याला धक्का लागेल असं काहीच नाही. त्यामागचा विचार समजायला सोपा आहे. या आजारात हालचाली लहान होत जातात: पाऊल लहान, अक्षर लहान, आवाज लहान. बॉक्सिंगमध्ये सगळंच मोठं करावं लागतं. रोग बरा होत नाही, पण तोल, चाल, आत्मविश्वास यांना मदत होते. आपल्याकडे पुण्यात हृषीकेश पवार अशाच रुग्णांचे नृत्याचे वर्ग घेतात, तेही याच कारणासाठी.

सरांना सांगितलं. त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत. “डॉक्टरांना विचार. हो म्हणाले तर सकाळी साडेनऊला आण. तेव्हा हॉल रिकामा असतो.”

डॉक्टर हो म्हणाले. अटी दोन: पडणार नाहीत याची काळजी, आणि डोक्याजवळ कोणाचा हात येता कामा नये. मी म्हटलं, नाही येणार. बॅग उलटून मारत नाही.

जी गोष्ट मी बॅगचा दोष म्हणून धरून बसलो होतो, तीच आता कामाला आली.

पप्पांना राजी करायला तीन आठवडे लागले. “या वयात पोरांसमोर तमाशा नको,” म्हणाले. शेवटी आईनं सांगितलं, नुसते बघून या. ऑक्टोबरच्या एका रविवारी आम्ही गेलो. दारातून आत आल्यावर पप्पांनी आधी मारुतीच्या फोटोला नमस्कार केला, मग कोपऱ्यातल्या गदांकडे गेले. “आमच्या वेळी कॉलनीत अशाच होत्या,” म्हणाले.

पट्टी मी बांधली. साडेचार मीटर. उजव्या हातावर बांधताना त्यांची बोटं माझ्या हातात थरथरत होती. मी त्यांच्या बोटांमधून पट्टी फिरवली आणि मूठ वळायला सांगितली. मूठ वळल्यावर थरथर थांबली. दोघांनीही ते बघितलं.

ती मुलगी त्या दिवशी हॉलवर होती. आठवड्यापूर्वी ती जिल्हा स्पर्धेत सेमीफायनलला हरली होती. सोमवारी संध्याकाळी परत दोरीवर उड्या मारताना मी तिला बघितलं होतं. सरांनी तिला पप्पांच्या मागे उभं केलं, तोल गेला तर धरायला. तिनं त्यांना पाय कसे ठेवायचे ते दाखवलं. “काका, डावा पुढे. गुडघे ढिले. हां.”

पप्पांनी पहिला ठोसा मारला. बॅग हललीही नाही.

“काका, मोठा,” सर म्हणाले. “आणि मोठ्यानं मोजा.”

“एक,” पप्पा म्हणाले, हळू आवाजात. मग दोन. मग तीन. सातपर्यंत त्यांचा आवाज वाढला. बाराव्याला बॅगची साखळी वाजली. विसाला सरांनी थांबवलं. पप्पा धापा टाकत होते, कपाळावर घाम होता.

आता आम्ही आठवड्यातून तीनदा जातो. सोमवारी आणि गुरुवारी मी घरून काम करतो, सकाळची मीटिंग संपवून येतो. तिसरा दिवस रविवार. काही दिवस चांगले असतात, काही दिवस औषध उतरलेलं असतं आणि पाऊल जमिनीला चिकटतं. अशा दिवशी आम्ही नुसतं उभं राहायचा सराव करतो. डावा पुढे, उजवा मागे. पुढे काय होणार, हे डॉक्टरांनी मोकळेपणानं सांगितलं आहे. मी त्यांना सगळे प्रश्न विचारले, नको वाटणारेही.

संध्याकाळी मी अजून जातो. मुलगी आता मला जरा जोरात मारते. दहातले चार-पाच अडवतो. बाकीचे बसतात, पण दिसतात.

परवा बँकेचं काम होतं. पप्पा म्हणाले, फॉर्मवर सही मीच करतो. काउंटरपाशी उभं राहून त्यांनी डावा पाय पुढे घेतला, पेन धरलं आणि ओठांतल्या ओठांत एक, दोन म्हणत सही केली. जुन्या सहीएवढी मोठी नव्हती. काउंटरवरच्या बाईंनी ती कॉम्प्युटरवरच्या सहीशी ताडून बघितली, परत बघितली, आणि म्हणाल्या, “काका, अजून एकदा कराल का?”

“करतो,” पप्पा म्हणाले आणि पुन्हा पाय लावून उभे राहिले.